हॅम रेडिओची मदार गच्चीवरील सांध्यावर

सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांच्या पर्जन्यमापनात ९४४ मिलिमीटरची नोंद झाली आणि मुंबईतील मोबाइल यंत्रणा कोलमडली. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावरही हाच अनुभव दिला. अशा आपत्तींनंतर हॅम रेडिओची, म्हणजेच परवानाधारक हौशी रेडिओ केंद्रांची, आठवण निघते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअर येथील हॅम चालकांनी बाहेरच्या जगाशी राखलेला संपर्क पाहता ती रास्तच आहे. चर्चा होते ती मात्र संच आणि परवान्यांची. गच्चीवर अँटेनाला केबल जिथे जोडली जाते, त्या बोटभर सांध्याची दखल क्वचितच घेतली जाते.

हॅम चालकांमध्ये सर्रास वापरला जाणारा पीएल-२५९ कनेक्टर जलरोधक नाही. ‘एन’ जातीच्या कनेक्टरमध्ये रबरी कडे असते. पण कोकणच्या खाऱ्या हवेत तेवढ्यावर विसंबणे धोक्याचेच. सांध्यातून शिरलेले पाणी केशाकर्षणाने कोॲक्सियल केबलच्या तांब्याच्या जाळीतून पुढे सरकते, जाळी काळी पडते आणि संदेशाची शक्ती वाटेतच जिरू लागते.

खरी मेख पुढेच आहे. अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते, यावर एसडब्ल्यूआर मीटरचा आकडा ठरतो. खराब केबलमध्ये जाताना आणि परतताना अशी दोनदा शक्ती जिरत असल्याने हा आकडा उलट सुधारलेला दिसू शकतो! खोलीतल्या मीटरवर सारे आलबेल आणि संदेश मात्र पोहोचत नाही, अशी ही फसगत आहे. केबलच्या अँटेनाकडील टोकाला शक्ती मोजल्याशिवाय ती उघडकीस येत नाही.

उपाय अवघड नाही. कनेक्टर घट्ट पिळून त्यावर, स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर ऊन सोसणाऱ्या विनाइल टेपचा थर द्यावा. शेवटचा थर खालून वर चढवावा, म्हणजे कौलांप्रमाणे पाणी बाहेरच ओघळते. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मात्र टाळावे. त्यातून सुटणारे ॲसेटिक आम्ल तांबे खाते.

पाणी एकदा शिरले की केबल वाळवून भागत नाही. जाळी काळी पडलेला भाग कापून नवा कनेक्टर बसवावा लागतो, कधी संपूर्ण केबलच बदलावी लागते. भर पावसात गच्चीवर हे काम होत नाही. ते मे महिन्यातच उरकावे लागते.