बीएमआय ३८, तरी क्लेम नामंजूर: बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी आणि विम्यातला 'पण'

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बेरिअ‍ॅट्रिक सर्जरी, आरोग्य विम्यात बसते का? काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक पॉलिसींमध्ये याचे उत्तर सरळ 'नाही' असे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने वगळलेल्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातले लठ्ठपणाचे कलम सांगते की ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर ही शस्त्रक्रिया वगळलेल्या बाबींत मोडत नाही. म्हणजे आता उत्तर 'हो, पण...' असे झाले आहे. नामंजुरीचे पत्र घेऊन पेशंट येतात, तेव्हा भांडण बहुधा या 'पण'चे असते.

तुमच्या पॉलिसीत हे कलम 'एक्सक्ल ०६' या कोडखाली सापडेल. ते आधी शोधा आणि स्वतः वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका. अटी साधारण अशा आहेत: शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, वैद्यकीय प्रोटोकॉलला धरून हवी, वय १८ किंवा त्याहून जास्त हवे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय वजन कमी करण्याचे सौम्य उपाय करून ते निष्फळ ठरलेले असले पाहिजेत.

दोन वेगळ्या फूटपट्ट्या

४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सहमती-पत्रकातले आहेत. त्यानंतर वैद्यकशास्त्र बरेच पुढे गेले. भारतीय आणि इतर आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, कारण आपली चरबी पोटात आणि यकृताभोवती साठते. म्हणून २०२२ मध्ये बेरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्यानुसार बीएमआय ३५ असेल तर सोबतचा आजार असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस आहे. आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच हा पर्याय द्यावा असे त्यात म्हटले आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगानेही सांगितले की लठ्ठपणा हा आजार केवळ बीएमआयवर ठरवू नये, शरीरातल्या अवयवांवर काय परिणाम झाला ते पाहावे.

सर्जन नवी पट्टी वापरतो आणि विमा कंपनी जुनी. मधल्या मध्ये तुम्ही अडकता.

समजा, एका बाईंची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो आहे. बीएमआय ३८.२. रक्तदाब आहे, गुडघे गेले आहेत, यकृतावर चरबी आहे, पाळीचा त्रास आहे. यातला एकही आजार कलमातल्या चारांत नाही, त्यामुळे क्लेम बसत नाही. याच बाईंचे वजन १०९ किलो असते तर यातले काहीही नसतानाही बीएमआयची अट पूर्ण झाली असती. पाच किलो वाढवून या, असा शहाणपणाचा सल्ला कोणीतरी देतेच. तो अजिबात ऐकू नका. भुलीचा धोका वाढतो, आणि आधीच्या तपासण्यांत नोंदलेले वजन टीपीएच्या डॉक्टरला दिसतेच.

याची उलटी बाजूही आहे. शस्त्रक्रियेआधी यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून साधारण दोन आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार देतात. त्यात चार-पाच किलो उतरतात. ४०.५ चा बीएमआय भरतीच्या दिवशी ३९ होतो आणि फाइल अडते. म्हणून सर्जनकडच्या पहिल्या भेटीचीच उंची आणि वजन, तारीख आणि शिक्क्यासह, केसपेपरवर हवे. आहार शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी दिला होता, हेही त्यांच्याकडून लिहून घ्या.

कागद नसतो, म्हणून हरतो

माझ्या मते भांडणाचे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. पहिल्यात पेशंट खरोखरच कलमात बसत नाही. दुसऱ्यात बसतो, पण तसे दाखवणारा कागद नसतो. दुसरा प्रकार जिंकता येतो.

'सौम्य उपाय निष्फळ ठरले' ही अट घ्या. किती महिने प्रयत्न करायचे हे कलमात लिहिलेले नाही. दहा वर्षे डाएट आणि जिम करून थकलेल्या माणसाकडे पुरावा म्हणून काय असते? जिमची एक जुनी पावती. आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर ताप, बीपी, गोळ्यांची नावे असतात, वजन क्वचितच असते. शस्त्रक्रियेचा विचार मनात येताच तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगा की दर भेटीत वजन लिहा, काय सल्ला दिला ते लिहा. आहारतज्ज्ञांचे तक्ते जपून ठेवा.

मधुमेहाचे तसेच. 'आटोक्यात नसलेला' म्हणजे एचबीए१सी किती, हा आकडा कलमात नाही. वाद होणारच. एकच रिपोर्ट जोडण्यापेक्षा वर्षभरातले तीन-चार रिपोर्ट, वाढत गेलेली औषधे आणि इन्सुलिनची नोंद एकत्र द्या. घोरण्याच्या तक्रारीला विम्यात किंमत नाही. स्लीप स्टडी करून घ्या. झोपेत तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळत असेल तर तो तीव्र अ‍ॅप्निया. असे कितीतरी पेशंट ही तपासणी न झाल्यामुळे 'फक्त घोरतात'.

आणि सगळ्यात वाईट नामंजुरी कोणती? प्रपोजल फॉर्मवर वजन ९८ ऐवजी ७५ लिहिलेले सापडते ती. 'मेडिकल नको लागायला' म्हणून एजंटने लिहिलेले असते, सही तुमची असते. अशा वेळी शस्त्रक्रियेचा क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली असेल तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती लपवल्याचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही. पाच वर्षे झाली नसतील आणि चूक आत्ता लक्षात आली असेल, तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करा. प्रीमियम वाढेल, कदाचित. क्लेमच्या वेळी सापडण्यापेक्षा ते परवडते.

प्रतीक्षा काळही पाहून ठेवा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत तो अनेकदा नसतो, म्हणून नोकरी बदलायच्या बेतात असाल तर आधी एचआरकडून पॉलिसीची प्रत मागा.

नकार आल्यावर

कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नाही. पैसे भरून नंतर परतफेडीचा क्लेम करता येतो. पण ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. पैशांची जुळवाजुळव करून ऑपरेशन टेबलवर जाण्याआधी नकाराचे कारण समजून घ्या. कागद कमी असतील तर ते जोडून पूर्वमंजुरी पुन्हा मागा.

मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरनुसार कंपनीला क्लेम नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला द्यावा लागतो, आणि तो निर्णय कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीतून जावा लागतो. 'कॉस्मेटिक आहे' किंवा 'पॉलिसीत नाही' एवढ्यावर फोन ठेवू देऊ नका. लेखी मागा. कारण कॉस्मेटिक लिहिले असेल तर एक्सक्ल ०६ कडे बोट दाखवा. शस्त्रक्रियेने लठ्ठपणावर उपचार करण्यासाठी वेगळे कलम आहे, ही गोष्टच त्या कारणाला उत्तर आहे.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यावर निर्णय देता येतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगात आधीच केस टाकली असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, त्यामुळे क्रम ठरवून जा. मात्र मघाच्या १०४ किलोच्या बाईंसारखे कलमच आड येत असेल, तर लोकपालाकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते करार वाचतात, नव्याने लिहीत नाहीत. कलमातले आकडे बदलणे नियामकाच्या हातात आहे, आणि २०२२ च्या तत्त्वांनंतर ते बदलायला हवेत असे मला स्पष्ट वाटते.

इंजेक्शनांचा नवा पेच

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. हे कलम लिहिले गेले तेव्हा यातले काही इथे नव्हते. आता 'सौम्य उपाय' म्हटले की त्यात आठवड्याचे इंजेक्शनही येते का? 'आधी ते का घेतले नाही?' असा प्रश्न टीपीएकडून येऊ शकतो. गंमत अशी की हे इंजेक्शन बाह्यरुग्ण उपचारात मोडते, आणि नेहमीच्या पॉलिसी त्याचे पैसे देत नाहीत. ज्या औषधाचा खर्च कंपनी उचलत नाही ते घेतले नाही म्हणून क्लेम अडवणे मला न्याय्य वाटत नाही, आणि कलमातही औषधाचे नाव नाही. तुम्ही इंजेक्शन घेऊन बंद केले असेल, तर सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख, डोस, दोन्ही वेळचे वजन आणि थांबवण्याचे कारण (उलट्या, पित्ताशयाचा त्रास किंवा खर्च) डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पूर्वमंजुरीच्या अर्जालाच जोडा.