गोमातेचा जयजयकार, पण शेण तपासणार कोण?

महाड-पोलादपूरच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातखाचरे, ओढे, डबकी तुडुंब भरतात. याच पाण्यात गोगलगायी वाढतात आणि त्यांच्या पोटात पर्णकृमी. गोगलगायीतून बाहेर पडलेली कृमीची पिल्ले गवताला चिकटतात. ते गवत खाल्ले की ती जनावराचे आतडे भेदून यकृतात शिरतात, यकृत पोखरतात. पित्तनलिका जाड व टणक होतात. चपट्या कृमींची दुसरी एक जात लहान आतड्याचे अस्तरच उद्ध्वस्त करते. मग घाण वासाची हगवण लागते, जबड्याखाली सूज येते, म्हैस आटते, बैल औताला चालत नाही. शेणात कृमींची अंडी दिसायला कित्येक आठवडे लागतात. तोवर आतली नासाडी होऊन गेलेली असते. म्हणूनच वेळेवर औषध लागते, आणि कोणत्या कृमीला कोणते हे डॉक्टरच सांगू शकतो, भगताचा अंगारा नव्हे.

हे नुकसान कुणाचे? ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे, त्याचे. ज्याला स्वतःचे रान नाही, त्याचे जनावर पाणथळ बांधावरच चरते.

राज्यघटनेचे कलम ४८ गोभक्त ऊठसूट सांगतात. आम्ही ते त्यांना पूर्ण वाचायला सांगतो. पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करावे, हे त्या कलमात आधी येते, गोवधबंदी नंतर. सातव्या अनुसूचीनुसार जनावरांचे रोग रोखणे हे राज्याचे काम आहे. महाराष्ट्रात २०१५ साली गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकायची वाट बंद झाली. पण तो थकू नये म्हणून सरकारने काय केले?

१९२७ साली याच महाडात जनावरांना मोकळे असलेले चवदार तळे माणसांनी स्पर्श करताच बाटले, आणि सनातन्यांनी ते शेण-गोमूत्र ओतून 'शुद्ध' केले. ज्या शेणात त्यांना पावित्र्य दिसले, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला त्यांचे वारस तयार आहेत काय?

भीमसैनिकांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याला विचारावे: मंजूर पदे किती, भरलेली किती? वर्षात शेणाचे नमुने किती तपासले? जंताचे औषध किती आले, कोणत्या वाडीला मिळाले? उत्तरे ग्रामसभेत जाहीर वाचावीत. आम्हाला गाईची पूजा नको, गरिबाच्या जनावराला औषध हवे आहे. ती भीक नाही, राज्याचे कर्तव्य आहे.