पट्टा हवा, तसं बी पण आपलंच हवं



ढोकीच्या शिवारात बघा, जिकडंतिकडं सोयाबीन नाहीतर ऊस. पिवळा मोझॅक आला की सोयाबीनचं रानच्या रान पिवळं पडतं. आपल्या कुडावरचा वाल तसा नाही. कुणाचं फूल पांढरं, कुणाचं जांभळं. एकाची शेंग रुंद, एकाची बारीक. एक वेल लवकर धरतो, दुसरा थंडीत. एक गेला तरी दुसरा हाती लागतो. हा फरक म्हणजेच आपली शिल्लक.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी बाईंनी वाल-घेवड्याच्या कितीतरी जाती घरात जपल्या. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

जमिनीचा दावा लढताना बियाण्याचा हक्क विसरू नका. वनहक्क कायदा 2006, कलम 3 मध्ये जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क लिहिलाय. 2001 च्या पीक वाण कायद्याचं कलम 39 शेतकऱ्याला बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा देतं. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

म्हणून आमचं सांगणं: पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक घरानं मूठभर वाल आणावा. जाती मिसळू नका, प्रत्येकीचं नाव लिहा, गावाच्या जैवविविधता नोंदवहीत नोंद करून घ्या. जमीन आपली झाली आणि बी दुकानाचंच राहिलं, तर लढाई अर्धीच जिंकली म्हणायची.