पाच भाषांची नोट

फ्रेंच इंडोचायनातील १९३० नंतरच्या काळातली एक पियास्त्रची नोट नाणेसंग्राहकांच्या परिचयाची आहे. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेली स्त्री, बँकेचे नाव आणि सही करणाऱ्यांचे हुद्दे, सारे फ्रेंचमध्ये. चिनी, व्हिएतनामी, ख्मेर आणि लाओ या भाषांची जागा पाठीमागे. लाओ ओळीचे वळण वेळोवेळी बदलले, आणि त्यावरून संग्राहक नोटेचे प्रकार पाडतात!

इतक्या भाषा पाहून फ्रेंचांच्या उदारपणाचे कौतुक करावेसे वाटेल. मला तसे वाटत नाही. नोट काढणारी 'बांक द लँदोशीन' १८७५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली खाजगी बँक होती. सायगावशेजारच्या चोलोन येथील तांदळाचा व्यापार मुख्यतः चिनी व्यापाऱ्यांच्या हाती होता. त्यांनी कागद हाती धरावा म्हणून चिनी अक्षरे. हा धंद्याचा हिशोब झाला. त्यात वाईट काही नाही, पण त्याला सन्मान म्हणू नये.

खरी गोष्ट पुढेच आहे. डिसेंबर १९४५ मध्ये पॅरिसने पियास्त्रचा दर १७ फ्रँक ठरवला. सायगावच्या बाजारात तिची खरी किंमत सुमारे निम्मीच होती. ज्याला पैसे फ्रान्सला पाठवण्याचा परवाना मिळे, त्याने तेथे १७ फ्रँक घ्यावेत, त्यांचे सोने किंवा डॉलर घ्यावेत, ते सायगावात विकून अधिक पियास्त्र मिळवावेत आणि पुन्हा परवाना मागावा. तोटा फ्रेंच तिजोरीचा. विनिमय दराचा धडा शिकवायला याहून चांगले उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकात मला तरी आढळले नाही. अखेर ११ मे १९५३ रोजी दर १० फ्रँकवर आणला गेला. तोवर व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया कागदोपत्री सहयोगी राज्ये झाली होती. १९५२ पासून तिघांसाठी वेगळी चलनसंस्थाही होती, आणि नोटांवर डोंग, किप, रियेल ही नावे आली होती. तरीही हा निर्णय पॅरिसने त्यांचा सल्ला न घेताच केला. आयात माल महागला तो त्यांच्याच बाजारात.

आता खिशातली शंभराची नोट काढा. मागच्या पट्टीत पंधरा भाषा आहेत. कन्नड वर, मराठी खाली, मध्ये काश्मिरी, कोंकणी आणि मल्याळम. आपल्या मासिकातही दोन विभागांत एवढे अंतर नाही! पण रक्कम अदा करण्याचे वचन मात्र फक्त हिंदी व इंग्रजीत आहे. बाकीच्या भाषांत नुसता आकडा.

म्हणून पट्टीत आपली ओळ कितवी, यावरचे वाद मला फुकट वाटतात. बँकेत पैसे भरण्याची चिठ्ठी पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे असे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत हवेत. आपल्याकडे तिसरी भाषा कन्नड, आणि ते योग्यच आहे. मी ती वाचतो. पण सीमाभागात केवळ मराठी वाचणारी वृद्ध माणसे आहेत, तशी पलीकडे सोलापूर जिल्ह्यात केवळ कन्नड वाचणारीही आहेत. अशा तालुक्यांत चिठ्ठीवर चौथी ओळ छापायला किती शाई लागेल? आपल्या वाणिज्य मंडळाने या वर्षी तेवढे एकच निवेदन तयार करावे, आणि ते दोन्ही भाषांत लिहावे. कन्नड मसुदा करायला मी तयार आहे.