‘प्रचारकी’ म्हणजे नेमके काय?

मायकेल मूर यांचा ‘सिको’ हा २००७ सालचा माहितीपट आम्ही वर्गात दाखवतो, तेव्हा नंतरच्या चर्चेत एक वाक्य हटकून येते : ‘प्रभावी आहे, पण प्रचारकी आहे.’ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर निवाडा दिल्याचे समाधान असते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. हा शब्द त्यांनी आमच्याकडूनच उचलला आहे. फडके-खांडेकर वादापासून मराठी समीक्षेने तो इतका राबवला आहे, की कलाकृतीशी दोन हात करण्याचा कंटाळा आला की आम्ही अध्यापक मंडळी तोच पुढे सरकवतो.

प्रचारकी म्हणजे बाजू घेणारे, असे म्हणायचे असेल तर आमचा साधा प्रश्न आहे : इथे मधली जागा कोणती? लाकूड कापताना एका अमेरिकन माणसाच्या दोन बोटांची टोके तुटतात. विमा नाही. मधले बोट जोडायचे ६०,००० डॉलर, अनामिकेचे १२,०००. तो अनामिका निवडतो. या दरपत्रकाकडे ‘दोन्ही बाजूंनी’ पाहायचे म्हणजे कसे? आणि मूर तर लगेच सांगतात, की हा चित्रपट विमा नसलेल्यांचा नाहीच. तो विमा असलेल्यांचा आहे. मग विमा कंपनीसाठी काम केलेल्या डॉक्टर लिंडा पीनो यांची १९९६ सालची अमेरिकन काँग्रेससमोरची साक्ष येते. एका रुग्णाची आवश्यक शस्त्रक्रिया आपण नाकारली, त्यात तो गेला आणि कंपनीचे पैसे वाचले, असे त्या स्वतः सांगतात. विमा नाकारण्यास पुरेशा ठरणाऱ्या आजारांची यादी ‘स्टार वॉर्स’च्या थाटात अवकाशात सरकत जाते. (२०१० च्या कायद्याने २०१४ पासून या कारणावरून विमा नाकारण्यास बंदी आली, म्हणजे ती यादी काही मूर यांच्या डोक्यातून निघाली नव्हती.)

चित्रपटाचे खरे बळ लंडनच्या रुग्णालयातील प्रसंगात आहे. मूर तिथे वेड पांघरून पेडगावला जातात. पैसे कुठे भरायचे, म्हणून भेटेल त्याला विचारत सुटतात, लोक हसतात. अखेर ‘कॅशियर’ची पाटी सापडते, तर त्या खिडकीवर पैसे घेत नाहीत, देतात : गरजू रुग्णांना प्रवासखर्च! १९४८ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेवर तासभर व्याख्यान देऊनही जे साधले नसते, ते ही खिडकी साधते. प्रश्न विचारत राहिल्यामुळेच ती सापडली, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे.

कारण पुढे हाच माणूस प्रश्न विचारणे सोडून देतो. फ्रान्समध्ये करांच्या बोज्याचा मुद्दा निघतो, तेव्हा एका सुखवस्तू जोडप्याचे घर दाखवले की त्यांचे समाधान होते. कॅनडात प्रतीक्षागृहात बसलेले लोक ‘वीस मिनिटे’ म्हणाले की विषय संपतो. क्वेबेकमधील प्रतीक्षायाद्यांचा प्रश्न २००५ मध्ये थेट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला होता, त्याची आठवण होत नाही. क्यूबात तर सगळेच सैल पडते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यात राबून आजारी पडलेल्या मदतकर्त्यांना ते हवानाला नेतात. अमेरिकेत १२० डॉलरचा इन्हेलर तिथे पाच सेंटला मिळतो, आणि त्या बाईचे रडू खरेच आहे. पण ‘क्यूबन नागरिकाला देता तेवढीच सेवा द्या’ असे सांगायचे आणि तसेच झाले असे आपणच जाहीर करायचे, ही कसली पडताळणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या यादीत अमेरिका ३७ वी, म्हणून मूर चिमटा काढतात. त्याच यादीत क्यूबा ३९ वा आहे. त्यावर निवेदन गप्प. लंडनमध्ये भोळेपणाचे सोंग घेतलेला माणूस हवानात खरोखरच भोळा झाला आहे.

आमचा आक्षेप आहे तो एवढाच, आणि ‘प्रचारकी’ या शब्दात तो मावत नाही. २००८ साली पत्रकार टी. आर. रीड यांनी ‘सिक अराउंड द वर्ल्ड’ या माहितीपटात ब्रिटन, जपान, जर्मनी, तैवान आणि स्वित्झर्लंड पालथे घातले. उपचारांच्या खर्चामुळे तुमच्याकडे किती जण दिवाळखोर होतात, असे ते सौम्यपणे विचारत राहतात. नकारार्थी उत्तरे ऐकतात, आणि जपानी रुग्णालयांची तूट व जर्मन डॉक्टरांची नाराजीही नोंदवतात. कल मूर यांच्याच दिशेचा. हा माहितीपट दाखवल्यावर मात्र आमच्या वर्गात ‘प्रचारकी’ हा शब्द एकदाही उच्चारला गेलेला नाही. म्हणजे आपण बाजूवर नव्हे, आवाजाच्या पट्टीवर शिक्का मारत होतो की काय?

येत्या सत्रात हा शब्द उत्तरपत्रिकेत वर्ज्य करण्याचा आमचा विचार आहे. मूर यांच्यावर ज्याला तुटून पडायचे असेल त्याने खुशाल पडावे. सामग्री भरपूर आहे. सुरुवात त्या फ्रेंच दिवाणखान्यापासून करता येईल.