भीमगडच्या रानात चुकला तो नकाशा

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. बिहारचे एक कुटुंब गाडीने गोव्याला निघाले होते. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात शिरोली-हेम्माडगाच्या आसपास मोबाइलवरच्या मॅपने जवळचा रस्ता दाखवला आणि गाडी भीमगडच्या रानात शिरली. पुढे रस्ता संपत आला, रेंजही गेली. अस्वले आणि बिबटे असलेल्या त्या जंगलात मंडळींनी रात्र गाडीतच काढली. उजाडल्यावर सुमारे चार किलोमीटर चालत गेल्यावर रेंज मिळाली, ११२ ला फोन लागला आणि पोलिसांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले.

असे काही घडले की ‘जीपीएसने फसवले’ असे सर्रास म्हटले जाते. दोष मात्र जीपीएसचा नसतो.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. स्वतः कुठे आहे आणि किती वाजले आहेत, एवढेच प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो. तो संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन अंतर काढतो. ठिकाण आणि उंची ठरवायला तीन उपग्रह पुरले असते. पण फोनचे घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके नेमके नसते, म्हणून ती चूक काढायला चौथा लागतो. सेकंदाचा दहालाखावा भाग जरी चुकला, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. आइन्स्टाइनचा सापेक्षतावादसुद्धा या हिशेबात धरावा लागतो, कारण उपग्रहातले घड्याळ दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते.

या सगळ्यात इंटरनेट कुठेच लागत नाही. दाट झाडीत संदेश क्षीण होतो खरा, तरी रेंज नसलेल्या फोनवरही निळा ठिपका बहुधा आपल्या जागी असतो. आधी उतरवून ठेवला नसेल, तर ठिपक्याखालचा नकाशा तेवढा गायब होतो. आणि नकाशावरची रेघ म्हणजे डांबरी सडक, गाडीवाट की जंगलातली पायवाट, हे उपग्रहाला कळायचे कसे? ते माणसांनीच भरायचे असते.

आकाशातल्या कामात देशाने कसर ठेवलेली नाही. ‘नाविक’ या भारतीय यंत्रणेच्या सुरुवातीच्या उपग्रहांतली काही परदेशी अणुघड्याळे बंद पडली, तेव्हा इस्रोने स्वतःचे रुबिडियम घड्याळ घडवले आणि २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ उपग्रहातून ते वर पाठवले. अशा उपग्रहांवर देखरेख ठेवणारे इस्रोचे मोठे केंद्र याच कर्नाटकात, हासनला आहे. एवढे करून खानापूरच्या रानवाटा नकाशावर चुकीच्याच राहणार असतील, तर ते मनाला लागते.

शेतीत या तंत्राचा उपयोग आणखी जवळचा आहे. कर्नाटकाच्या ‘दिशांक’ ॲपवर शेतात उभे राहिले की तिथला सर्व्हे नंबर दिसतो. महाराष्ट्रात २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी बांधावरून पिकाचा फोटो लोकेशनसह पाठवतो. निपाणी-कागल पट्ट्यात ज्यांची जमीन या दोन राज्यांच्या हद्दीच्या दोन्ही अंगांना आहे, त्यांच्यासाठी उपग्रह तेच, पण ॲप दोन, दप्तरे दोन आणि भाषाही दोन. निपाणीच्या मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीची माहिती मराठीत वाचता आली पाहिजे. ज्या यंत्रणेने बांध अचूक दाखवला, तिला दोन भाषांत बोलायला लावणे अवघड नाही.

रानवाटांचे कामही आवाक्यातले आहे. कोणती वाट पावसाळ्यात बंद असते, कुठे ओढा आडवा येतो, हे हेम्माडग्याच्या माणसाला तोंडपाठ असते. ग्रामपंचायत आणि वनखात्याने मिळून त्या वाटांची यादी करावी आणि बंद रस्त्यांची माहिती मॅपवाल्या कंपन्यांना रीतसर कळवावी. खानापूरहून अनमोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटा येण्याआधीच कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी फलक लावावेत. पुढे रेंज कुठे संपते, हेही त्यावर ठळक लिहावे. सुट्ट्यांत गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते, त्याआधी हे व्हायला हवे.