मोबाईलचा पहारा आईवरच का?

केंद्र सरकारच्या २०२५-२६ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मुलांच्या मोबाईलच्या व्यसनाची दखल घेतली, हे बरे झाले. समाजमाध्यमांना वयाची अट असावी आणि ती पाळण्याची जबाबदारी ती माध्यमे चालवणाऱ्यांवर टाकावी, असेही त्यात सुचवले आहे. पण त्यानंतरची चर्चा घसरली ती नेहमीच्याच जागी. आईवडिलांनी लक्ष द्यावे, घरात काही तास मोबाईल बंद ठेवावा, मुलांशी बोलावे. जे सरकारने करायचे ते अहवालात राहणार आणि जे आईने करायचे ते आजपासून लागू, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

हा उपदेश वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या बजाजनगरात लावून पाहावा. वडील या आठवड्यात फर्स्ट शिफ्टला, पुढच्या आठवड्यात नाइटला. आई पॅकिंगला किंवा शिवणकामाला. नाइट करून आलेला माणूस दिवसा झोपणार आणि दोन खोल्यांच्या घरात मुलाने तोवर आवाज करायचा नाही. त्या वेळी मुलाच्या हाती मोबाईल जातो, तो लाडाने नव्हे, नाइलाजाने. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. ते गाव कौतुकाला पात्र आहे. पण तिथे संध्याकाळी बहुतेक घरे एकत्र असतात. बजाजनगरात कारखान्यांच्या वेळेनुसार अर्धे घर बाहेर असते. ज्या घरात दोन मोठी माणसे एका वेळी जागी नसतात, तिथे पहारा कुणी द्यायचा?

तोट्याचा पुरावा सर्वात भक्कम कुठे असेल, तर तो झोपेच्या बाबतीत. बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की निजण्यापूर्वी उजेड फेकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांच्या शरीरात झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा तयार होते, डोळा उशिरा लागतो आणि सकाळी जडपणा राहतो. प्रयोग अवघ्या बारा जणांवरचा होता आणि तोही साध्या पुस्तकवाचनाचा. इथे तर पडद्यावर न संपणारे व्हिडिओ आहेत. एक संपण्याआधी दुसरा सुरू होतो, कारण तो तसा सुरू व्हावा अशीच रचना आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, हे राज्य सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. मुले रात्री जागतात म्हणून शाळेची घंटा पुढे ढकलली. जागवणाऱ्याला मात्र कुणी एक शब्द विचारला नाही.

यावर संशोधकांमधलाच एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये लाखो किशोरांची माहिती तपासून सांगितले, की त्यांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध पडद्याच्या वापराशी लावता येतो. आकडा खरा आहे, पण तो सरासरीचा आहे. दिवसा अभ्यासाचा व्हिडिओ पाहणारी मुलगी आणि रात्री दोनपर्यंत जागणारा मुलगा त्यात एकाच मापाने मोजले जातात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या २०२५ च्या अभ्यासात शाळेत मोबाईलबंदी असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या स्वास्थ्यात फरक दिसला नाही. त्यावरून मोबाईल निरुपद्रवी ठरत नाही. त्याच अभ्यासात पडद्यापुढचा वेळ जास्त असलेल्या मुलांची झोप आणि मनःस्थिती वाईट आढळली. दिवसभरातला एकूण वेळ शाळेच्या बंदीने फारसा घटत नाही, एवढेच त्यातून दिसते. म्हणजे शाळेच्या फाटकावर पेटी ठेवून सुटका नाही. मोबाईल अभ्यासाला लागतो, हाही युक्तिवाद अर्धाच. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आधीच्या आठवड्यात शिक्षणासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के.

धोका ज्याच्या यंत्रात, जबाबदारीही त्याचीच, हे वाळूजच्या कामगाराला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. प्रेस मशीनवर बोट तुटू नये म्हणून ‘हात जपून चालव’ एवढे सांगून देश थांबला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा सक्तीचा केला आणि आडोशाविना यंत्र विकणाऱ्यालाही जबाबदार धरले. मोबाईलच्या बाबतीत हा विचार उलटा का फिरतो? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याची सक्ती केली. तिथे दंड मुलाला नाही, आईवडिलांना नाही, तो कंपनीला आहे आणि ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत आहे. मुले खोटे वय सांगतील, वय तपासण्याच्या नावाखाली सगळ्यांची कागदपत्रे गोळा होतील, ही भीती रास्त आहे. पण त्यावर वाट आहे. रात्री दहानंतर आपोआप पुढे सरकणारे व्हिडिओ आणि खुणावणाऱ्या सूचना सर्वांसाठीच मुळात बंद असाव्यात. ज्या प्रौढाला हव्या असतील, त्याने रोज स्वतः सुरू कराव्यात. त्यासाठी कुणाचेही वय विचारावे लागत नाही.

राज्यानेही स्वतःकडे पाहावे. गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि मग मूल मोबाईल सोडत नाही म्हणून पालकसभेत आईला बोल लावायचा, हे थांबले पाहिजे. कामगार वसाहतीत संध्याकाळी उजेड असलेले मैदान आणि रात्री नऊपर्यंत उघडी अभ्यासिका द्या. ते देणे औद्योगिक विकास महामंडळाला आणि ग्रामपंचायतीला अशक्य नाही. केंद्राच्या हातात तर कायदाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई केली. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. ही मुदत मे २०२७ पर्यंत जाते. मुलांशी संबंधित कलमापुरती तरी सरकारने ती आताच मागे घ्यावी.